स्फटिकाचे अंतरंग आणि एक आज्ञावली

खडीसाखरेचा खडा आपण नेहमी पाहतो. परंतु त्याच्या तुकतुकीत पैलूंच्या आत रेणू कोणत्या शिस्तीने मांडलेले आहेत, हे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्यासाठी स्फटिकावर क्ष-किरण सोडावे लागतात. अणूंच्या रांगांवरून ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि त्यांचे ठिपके नोंदले जातात. प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजता येते. पण त्या लहरी परस्परांच्या किती पुढे-मागे होत्या, म्हणजे त्यांची ‘कला’, हाती लागत नाही. अणूंचे चित्र उभे करण्यास मात्र दोन्हींची गरज असते. ही हरवलेली माहिती गणिताने मिळविण्याच्या पद्धतींबद्दल हाउप्टमन व कार्ल यांना १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे गणित संगणकाविना दुष्करच. केंब्रिज विद्यापीठात जॉर्ज शेल्ड्रिक यांनी प्रारंभी केवळ आपल्या प्रयोगशाळेपुरती एक आज्ञावली रचली. १९७६ मध्ये ती ‘शेलएक्स’ या नावाने इतरत्र गेली, तेव्हा पंचकार्डांच्या एका पेटीत मावेल इतकी ती आटोपशीर होती. १९७८ पासून जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात तिचा विस्तार झाला, आणि विद्यापीठीय संशोधकांना ती विनामूल्य मिळत राहिली. तिचा इतिहास सांगणारा शेल्ड्रिक यांचा २००८ चा लेख इतक्या जणांनी संदर्भासाठी घेतला, की त्या नियतकालिकाचा प्रभावांक दोनच्या आसपास होता तो एकदम ४९ च्या वर गेला. (प्रभावांकावर किती विसंबावे, याचाही हा धडाच!)

आज्ञावली अणूंचे स्थान किंचित हलवून पाहते, त्यावरून तीव्रता काढते आणि मोजलेल्या तीव्रतेशी ताडते. उरलेली तफावत ती लपवीत नाही; आकड्यांत मांडते. तरीही मेळ चांगला बसला म्हणजे उत्तर खरेच असते, असे नाही. २०१० च्या आरंभी एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने चीनमधील एका विद्यापीठातून आलेल्या किमान ७० रचना मागे घेतल्या. एकाच खऱ्या मापनातील धातूचा अणू कागदोपत्री बदलून ‘नवी’ संयुगे दाखविली गेली होती. मूळ मापने जपलेली होती, म्हणूनच तपासणीत हे उघडकीस आले.

शेलएक्सच्या पुढील आवृत्तींत अंतिम अहवालाच्या फाइलमध्येच मूळ मापने आणि पडताळणीचा अंक आपोआप समाविष्ट होऊ लागला. आता कोणत्याही देशातील विद्यार्थी ती फाइल उघडून सारे गणित नव्याने करून पाहू शकतो.