इतर हक्कांचा रकाना

महसूल खात्यात छत्तीस वर्षे नोकरी करून, त्यांतली अखेरची अकरा वर्षे तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून काढून, २०१५ साली मी सेवानिवृत्त झालो. जमिनीचा सौदा करावयास निघालेला माणूस कचेरीत आला म्हणजे त्याला मी एकच गोष्ट सांगत असे, की इसार देण्यापूर्वी सातबाराचा उतारा काढा, आणि काढल्यावर नुसते कब्जेदाराचे नाव वाचून समाधान मानू नका. शेजारच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, बहिणींचा हिस्सा असे जे काही नमूद असेल ते आधी वाचा, कारण जमीन कोणाची आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणाकोणाला बांधलेली आहे हेही महत्त्वाचे असते. हा उपदेश मी शेकडो लोकांना केला. आणि निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतले चार लाख रुपये ज्या कंपनीत मी घातले, तिचा एकही कागद या दृष्टीने वाचला नाही. त्या चार लाखांतला एक रुपयाही आता परत येणार नाही. घडले ते सांगण्याचे कारण इतकेच, की अशा कंपन्यांची माणसे हल्ली तालुक्याच्या गावीही येऊ लागली आहेत, आणि पेन्शनीत निघालेली, थोडी शिल्लक बाळगून असलेली, देशाचे काही बरे व्हावे असे मनापासून वाटणारी माझ्यासारखीच माणसे त्यांच्यासमोर बसलेली मी पाहतो.

कंपनी पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत होती. तिचा संस्थापक आमच्याच तालुक्यातला, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, नम्र आणि अतिशय कष्टाळू तरुण. कोणाला फसवावे असा त्याचा हेतू होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. लिथियमऐवजी जस्त आणि पाण्यात विरघळवलेले क्षार यांवर चालणारी बॅटरी तो तयार करीत होता. जस्त स्वस्त आणि मुबलक, आतला द्रव पाण्याचा, म्हणून पेट घेण्याचे भय नाही. अशा बॅटरीत सौर पट्ट्यांची किंवा रात्रीच्या पाळीला येणारी वीज साठवावी आणि शेतकऱ्याने दिवसाउजेडी पंप चालवावा, ही त्याची कल्पना. आमच्या कृष्णाकाठी ही कल्पना कोणाच्याही काळजाला भिडेल अशीच होती. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, अशी फिरत्या पाळीने मिळे, आणि रात्रीच्या आठवड्यात हातात विजेरी घेऊन उसाच्या सरीतून पाय आपटत चालणारी माणसे पाहतच मी लहानाचा मोठा झालो. सर्पदंशाच्या पंचनाम्यांचे कागदही माझ्या टेबलावरून गेलेले होते.

२०१६ च्या मार्गशीर्षात एका मंगल कार्यालयात साठेक लोकांना बोलावून त्याने आपली योजना मांडली. त्या सभेत किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची हकीकत त्याने सांगितली: लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी लक्ष्मणरावांचा पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, आणि त्यांनी धीर सोडला नाही म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. माझ्या मनात त्याच वेळी दुसरी एक स्मृती जागी झाली. अंताजी दामोदर काळे यांनी सुरू केलेल्या आणि टिळकांनी पाठीशी घेतलेल्या पैसा फंडात आमच्या आजोबांनी विद्यार्थिदशेत नेमाने पैसा टाकल्याची गोष्ट घरात सांगितली जाई. त्याच फंडातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना निघाला. आजोबांनी जे पैशापैशाने केले ते आपण एकरकमी करीत आहोत, अशा भावनेने मी चेक लिहिला. पत्नीने विचारले, “अहो, हे पैसे कधी परत येतील, ते त्यांनी कुठं लिहून दिलंय का?” मी तिला पैसा फंडाची गोष्ट सांगितली.

माझी मूळ चूक येथे झाली, आणि ती उमगायला सात वर्षे लागली. पैसा फंडात टाकलेला पैसा दान होता. देणाऱ्याने तो परत मागावयाचा नव्हता, त्याचा हिशेब विचारावयाचा तर लोककार्य म्हणून विचारावयाचा. समभाग हा दस्तऐवज आहे. त्यात देणाऱ्याचा हक्क, हिस्सा, अग्रक्रम, सारे काही लिहिलेले असते, आणि जे लिहिलेले नसते ते त्याला मिळत नाही. मी दात्याच्या मनाने भागधारक झालो. किर्लोस्करांच्या नांगराची तुलनाही नीट तपासून पाहिली असती तर टिकली नसती, कारण तो नांगर तयार होऊन अंगणात उभा होता, बैल जुंपून कोणालाही चालवून पाहता आला असता. अडले होते ते लोकांच्या समजुतीपाशी. आमची बॅटरी प्रयोगशाळेच्या बाहेर आलेलीच नव्हती.

ती बाहेर येण्यास वेळ का लागत होता, याची कारणे मात्र खरी होती, आणि ती सांगणे न्यायाचे आहे. जस्ताची बॅटरी भारित होत असताना पट्टीवर जस्ताचे सुईसारखे काटे वाढू लागतात; ते मधल्या पडद्याला भोसकून पलीकडच्या पट्टीला टेकले की बॅटरी आतल्या आतच निकामी होते. हे काटे आवरणे हेच त्या विद्येतले जुने दुखणे. दुसरे असे, की बॅटरी तीन हजार वेळा भरते आणि रिकामी होते असा दावा करावयाचा, तर रोज एकदा या हिशेबाने तो पडताळण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. प्रयोगशाळेत जलद गतीने चाचणी घेता येते हे खरे, पण शेतातल्या उन्हाळ्याची आणि धुळीची परीक्षा घाईने घेता येत नाही. तेव्हा तंत्रज्ञानाला धीर द्यावा लागतो हे त्या तरुणाचे म्हणणे सत्य होते. “काका, अजून अठरा महिने,” असे तो २०१८ साली म्हणाला, २०१९ च्या अखेरीस म्हणाला, आणि महामारीनंतर पुन्हा म्हणाला. प्रत्येक वेळी कारण निराळे असे आणि प्रत्येक कारण पटण्याजोगे असे.

परंतु प्रयोगशाळेतले घड्याळ आणि कंपनीच्या खजिन्यातले घड्याळ ही दोन निरनिराळी घड्याळे असतात, आणि बाहेरच्या जगाचे तिसरे घड्याळ तर कोणाचीच वाट पाहत नाही. आम्ही थांबलो असताना लिथियमच्या बॅटऱ्यांचा भाव कोसळत होता. २०१० साली एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीसंचाला हजार डॉलरांहून अधिक पडत, ते २०२० साली एकशे चाळीसच्या आत आले. म्हणजे ज्या स्वस्ताईच्या बळावर आमची कंपनी उभी होती, ती स्वस्ताई प्रतिस्पर्ध्याने आधीच मिळवली. इकडे राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढून शेतीच्या वाहिन्यांनाच दिवसा सौरवीज पुरवण्याचे धोरण आरंभले. त्या योजनेविषयी मला आनंदच आहे. पण तिची बातमी वाचली त्या दिवशी मी संस्थापकाला एवढे विचारावयास हवे होते, की शेतकऱ्याला वीज दिवसाच मिळू लागली तर आपली बॅटरी विकत कोण घेईल. मी विचारले नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे मिठाच्या पाण्यावर चालणारी बॅटरी बनवणारी ॲक्वियन एनर्जी ही कंपनी, बिल गेट्स यांच्यासारख्या धनाढ्याचे पाठबळ असूनही, २०१७ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून बसली, हेही मला फार उशिरा कळले.

आता हिश्श्याविषयी. हा भाग मी विस्ताराने सांगतो, कारण माझ्यासारख्या लहान गुंतवणूकदाराचे खरे नुकसान येथे, आवाज न होता, होते. मला दहा रुपये दर्शनी किमतीचे चार हजार समभाग नव्वद रुपये अधिमूल्याने मिळाले, तेव्हा कंपनीचे एकूण समभाग आठ लाख होते. सातबाऱ्यावरच्या जुन्या आणेवारीच्या भाषेत बोलायचे तर सोळा आण्यांत माझी जवळजवळ एक पै होती. पुढे पैसा कमी पडला तसतसे नवे समभाग निघाले, बाहेरची मोठी भांडवलदार संस्था आली, आणि २०२१ पर्यंत समभागांची संख्या चाळीस लाखांवर गेली. माझे चार हजार तसेच होते, पण आणेवारी पैच्या पाचव्या हिश्श्यावर आली. शिवाय त्या संस्थेला मिळाले ते अग्रहक्क भाग होते, आणि त्यांच्या करारात असे कलम होते, की कंपनी विकली गेली तर त्यांची संपूर्ण रक्कम आधी वसूल व्हावी आणि उरेल ते इतरांत वाटावे. अशा ठरावांना सभेत तीन चतुर्थांश मते लागतात. त्या सभांच्या नोटिसा माझ्या घरी रीतसर आल्या होत्या. सोबत प्रतिनिधिपत्राचा छापील नमुना होता, आणि मी दोन्ही वेळा त्यावर सही करून तो परत पाठवला होता. न वाचता केलेली सही रद्द होत नसते, हे मी लोकांना सांगत आलो होतो.

याच्या जोडीला बोजा होता. २०१९ साली कंपनीने यंत्रसामग्री तारण ठेवून बँकेचे कर्ज उचलले, आणि त्याच वर्षीच्या ताळेबंदाला जोडलेल्या अहवालात लेखापरीक्षकाने कंपनी पुढे चालू राहण्याविषयी ठळक अनिश्चितता असल्याचे नमूद केले. तो अहवाल पाकिटासह माझ्या कपाटात पडून होता. पाकीट मी फोडले ते २०२२ साली, प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेल्यावर. दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात पैसे वाटण्याचा अनुक्रम दिलेला आहे: प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची बाकी आणि तारणधारक सावकार, मग इतर कर्मचारी, विनातारण सावकार, सरकारी येणे आणि उरलेली देणी, त्यानंतर अग्रहक्क भागधारक, आणि सर्वांच्या शेवटी समभागधारक. आमच्यापर्यंत काही पोहोचले नाही. तरीही मी दैववान म्हणावयाचा. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनी एका मध्यस्थाच्या हाती दोन लाख रोख दिले होते. कायद्याप्रमाणे मोजक्या लोकांनाच समभाग देऊ करण्याच्या अशा खाजगी वाटपातली रक्कम ज्याची त्याच्या बँकखात्यातूनच यावी लागते, आणि त्यामुळे त्यांचे नाव भागधारकांच्या नोंदवहीत कधी लागलेच नाही. ते वारले. त्यांच्या पत्नीला मी पोलिसांत द्यावयाचा अर्ज लिहून दिला, तेव्हा पावती म्हणून त्यांच्याकडे वहीच्या एका पानावरची सही तेवढी होती.

लिथियम बॅटरीचा इतिहास मी नंतर मुद्दाम वाचला. व्हिटिंगहॅम या शास्त्रज्ञांनी ती विद्या १९७० च्या दशकात एक्सॉन या तेलकंपनीत असताना पुढे नेली, आणि त्या कंपनीने पुढे ती सोडून दिली. कॅनडातल्या मोली एनर्जीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या, १९८९ साली जपानात त्या पेटू लागल्या आणि कंपनी बुडाली. सोनीने १९९१ साली यशस्वी माल काढला. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळाले ते २०१९ साली. म्हणजे लिथियमवर विश्वास ठेवून मोलीचे समभाग घेणारा माणूस विद्येविषयी बरोबर होता, आणि त्याचे पैसे तरीही गेले. विद्या यशस्वी होईल काय, आणि झाली तर तिच्या यशात माझा हिस्सा कागदावर किती, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मी आयुष्यभर दुसऱ्या प्रश्नाचा कारकून होतो आणि पैसे घालताना फक्त पहिला विचारला.

म्हणून कोणी विचारायला आले तर मी काय सांगतो ते लिहितो. खाजगी वाटपाचे देकारपत्र तुमच्या नावाने आले आहे काय ते पाहा. असा देकार एका आर्थिक वर्षात दोनशेहून अधिक लोकांना देता येत नाही आणि त्याची जाहीर जाहिरातही करता येत नाही, तेव्हा मंगल कार्यालयातली सभा हीच पहिली शंका घेण्याजोगी गोष्ट होती. पैसे दिल्यापासून साठ दिवसांत समभाग मिळाले पाहिजेत, नाहीतर रक्कम पुढच्या पंधरा दिवसांत परत आली पाहिजे, आणि तीही आली नाही तर साठावा दिवस संपल्यापासून तीवर बारा टक्के व्याज द्यावे लागते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या दप्तरातले तिचे ताळेबंद आणि बोजांची नोंद शंभर रुपये शुल्कात कोणालाही संगणकावर पाहता येते. बोजा पाहा, लेखापरीक्षकाचा शेरा पाहा, आणि हाती असलेली रोकड दरमहा होणाऱ्या खर्चाने भागून ती किती महिने पुरेल ते काढा. ते महिने बारापेक्षा कमी असतील तर नवे समभाग निघणारच, असे समजून चाला. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे समभाग बाजारात विकता येत नाहीत, त्यांच्या हस्तांतरावर नियमावलीतच बंधन असते. तेथे धीर हा तुमच्या मर्जीचा राहत नाही, तो सक्तीचा असतो, आणि सक्तीच्या धीराची किंमत पैसे देण्याआधीच ठरवावी लागते. आणि एक वही घाला. संस्थापक ज्या तारखा सांगतो त्या तिच्यात लिहा, समोर प्रत्यक्ष काय झाले ते लिहा. मुदत एकदा चुकली तर कारण ऐकून घ्या. दुसऱ्यांदा चुकली तर कोणता प्रयोग फसला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे लेखी मागा. तिसऱ्यांदा केवळ नवी तारीख आली आणि खुलासा आला नाही, तर पुढच्या वाटपाला एक पैसाही देऊ नका, मग तो तरुण कितीही सज्जन असो.

स्वच्छ ऊर्जेच्या कामात लोकांनी पैसा घालू नये असे मला म्हणावयाचे नाही. ज्या पठारावर लहानपणी आम्ही नुसता वारा ऐकला, त्या वनकुसवड्याच्या पठारावर आज पवनचक्क्या फिरताना दिसतात, आणि त्या पाहून मला अजूनही भरून येते.

गेल्या महिन्यात आमच्या त्या शेजाऱ्यांचा मुलगा हायड्रोजनचे यंत्र बनवणाऱ्या एका नव्या कंपनीचे देकारपत्र घेऊन माझ्याकडे आला. त्याला दीड लाख घालावयाचे होते. आम्ही दोघे ओसरीवर बसलो, शंभर रुपये भरून कागद उतरवून घेतले, आणि तीन प्रश्न लिहून टपालाने पाठवले: रोकड किती महिन्यांची आहे, अग्रहक्क कोणाकोणाला दिलेला आहे, आणि मागच्या देकारपत्रातल्या कोणत्या तारखा पाळल्या गेल्या. पहिल्या दोहोंची उत्तरे आली आहेत. तिसऱ्याचे अजून यावयाचे आहे, देकाराची मुदत या पंधरवड्यात संपते, आणि त्याने आपले चेकबुक तोवर माझ्या कपाटात ठेवले आहे.