आजचं चिंतन : दुखरी बोटं आणि तप

वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ५ आणि ६



हे दोन श्लोक मी कित्येक वर्षं भराभर वाचून पुढे जायचो. शास्त्राने न सांगितलेलं घोर तप, त्याला दंभ आणि अहंकाराची जोड. असं तप करणारे शरीराला छळतात आणि त्या शरीरात राहणाऱ्या मलाही छळतात, त्यांचा निश्चय आसुरी आहे, असं भगवान म्हणतात. मला वाटायचं, हे काट्यांवर झोपणाऱ्यांबद्दल असेल. आपला काय संबंध?

संबंध कळला तो गिटारमुळे.

गेल्या जूनमध्ये माझ्या मामेभावाने आमच्या शनिवारच्या भजनात वाजवायला म्हणून नवी ॲकॉस्टिक गिटार घेतली. महिन्याभरात म्हणाला, "दादा, एफ कॉर्ड धरताच येत नाही. मनगट दुखतं." मी लगेच शहाणपणा केला. "अरे, दुखणारच. हेच तप. सोडू नकोस." त्याने कसेबसे आणखी दोन महिने काढले. मग गिटार कपाटावर गेली आणि त्याचं भजनाला येणंही थांबलं.

दिवाळीत मी ती गिटार दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी धरली. सगळ्यात जाड तार फ्रेटपासून ४ मिमी वर! अडीचच्या आसपास हवी, बारीक तार पावणेदोनच्या. "पोराचा दोष नाही. ही कोणी लावूनच दिली नाही त्याला," काका म्हणाले. तंबोऱ्याची जवारी नीट लावून घेतल्याशिवाय कोणी गायला बसत नाही, पण गिटार मात्र आपण खोक्यातून काढतो आणि थेट वाजवायला घेतो.

काकांनी आधी मान पाहिली. सहा तारांची ओढ मिळून सुमारे ७० किलो असते, त्याने मान पुढे वाकते. आतला ट्रस रॉड तिला सावरतो. पहिला फ्रेट आणि मान खोक्याला मिळते तिथला फ्रेट, दोन्हीकडे तार दाबायची आणि मधली फट बघायची. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असली की ठीक. रॉड एका वेळी पाव फेराच फिरवायचा, अडला तर जोर करायचा नाही. मग नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरावी. इथे बरीच जास्त होती, आणि एफ पहिल्याच फ्रेटवर धरतात! खाच जास्त खोल गेली तर तार खरखरते, म्हणून हे काम घरी करू नका. शेवटी सॅडल खालून घासलं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथे १ मिमी कमी करायला सॅडल २ मिमी घासावं लागतं. बाराच्या तारा काढून दहाच्या चढवल्या. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि तारा आणखी वर जातात, हेही काकांनी सांगितलं. म्हणजे बिचाऱ्याने सुरुवात केली तीच सगळ्यात वाईट दिवसांत.

घरी येऊन पुन्हा श्लोक काढले. दंभ कुठे होता? माझ्यात. दुखत होतं त्याला, आणि तपाची भाषा करत होतो मी. याच अध्यायात पुढे चौदाव्या श्लोकात शरीराचं तप सांगताना भगवान अहिंसाही मोजतात, आणि ते मी पाठ म्हणून दाखवत असे.

बोटांची टोकं पहिले काही आठवडे चुरचुरतात, मग घट्टे पडतात. ते कोणालाच चुकत नाही. पण तार दाबायला अख्ख्या हाताचा जोर लागत असेल, मनगट धरत असेल, तर आधी मोजपट्टी घ्या.

रविवारी गिटार त्याच्याकडे नेली. भजनाचा विषय काढला नाही, फक्त माफी मागितली. त्याने एफ धरला. एक तार बसकी वाजली, बाकी पाच स्वच्छ. "दादा, हीच का ती?" म्हणाला. शनिवारी तो आला नाही. गिटार त्याच्याकडेच आहे.

उद्या : श्लोक ७ ते १०, आहाराविषयी.