वाहनतळावरचा आळ



दारात सायकल असणे म्हणजे श्रीमंती, असे दिवस आपल्या वडीलधाऱ्यांनी काढले. आज आपल्यापैकी कित्येक घरांनी हप्त्यावर किंवा जुन्या बाजारातून मोटार घेतली आहे. वाहन आले की त्याच्याबरोबर वादही येतो. म्हणून या वेळचा पाठ एका साध्या, पण माणसाची परीक्षा पाहणाऱ्या प्रसंगावर आहे. उभ्या गाडीला धक्का लागला, आणि तो तुम्हीच दिला असे समोरचा म्हणतो. तुम्हाला तसे वाटत नाही. अशा वेळी काय करावे?

प्रसंग माझ्यावरच गुदरला. गेल्या हिवाळ्यात नांदेडला एका मंगल कार्यालयात नात्यातले लग्न होते. दुपारी एका पाहुण्याची गाडी निघावी म्हणून मी आमची लाल मोटार मागे घेतली, पुन्हा लावली आणि पंगतीला गेलो. चार वाजता परत आलो तर शेजारच्या पांढऱ्या गाडीचे मालक वाट पाहत उभे होते. दाराला खोल पोचा, मागच्या बंपरला ओरखडा. "पंधरा हजार काढा," ते म्हणाले. कोणा पोराने त्यांना "लाल गाडी लागली" असे सांगितले होते. बघता बघता वीसेक माणसे जमली. एकाने "आडनाव काय तुमचे?" असेही विचारून घेतले. पोच्याशी आडनावाचा काय संबंध, हे त्याचे त्याला ठाऊक.

धाकटा भाऊ बाह्या सरसावून पुढे झाला. वडिलांनी मात्र माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "देऊन टाक. कशाला वाढवायलास?" त्यांना मी दोष देत नाही. गावात कोणाचे काही हरवले की पहिले बोट आपल्याच वस्तीकडे वळायचे, आणि हात जोडून मोकळे होणे हाच शहाणपणा ठरायचा. त्या शहाणपणाने त्यांनी आम्हाला वाढवले, शिकवले. पण न केलेल्या गोष्टीचे पैसे मुकाट्याने देणे म्हणजे ती केल्याची कबुलीच होय. आणि भावाप्रमाणे अंगावर जाणे म्हणजे तपासाचे दारच बंद करणे.

अंगुत्तर निकायात आळ घेणाऱ्याविषयी आणि ज्याच्यावर आळ आला त्याच्याविषयी सारिपुत्तांची एक देशना आहे. आरोप करणाऱ्याने योग्य वेळी, खरे, सौम्यपणे, हितासाठी आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे, असे तिचे सार आहे. ज्याच्यावर आरोप झाला त्याच्याकडून मात्र दोनच गोष्टींची अपेक्षा आहे : सत्य आणि अक्रोध. समोरच्याने आपल्या पाच अटी पाळल्या नाहीत म्हणून आपल्या दोन सुटत नाहीत. भिक्खुसंघातही वाद मिटवण्याची पहिली रीत अशी की, दोन्ही पक्ष समोरासमोर असावेत. पाठीमागे निवाडा नाही.

मी त्यांना म्हणालो, "साहेब, मी नाही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही. दोन्ही गाड्या आहेत तशा राहू द्या, आपण दोघे मिळून पाहू."

पाहायचे काय? मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो. कोणतीही गाडी हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. एक दुरून, ज्यात दोन्ही गाड्यांची जागा आणि नंबर दिसतील; मग प्रत्येक खुणेचे जवळून. त्यानंतर उंची मोजावी. टेप नसेल तर वीत आहेच. बंपर जमिनीपासून जेवढा उंच, साधारण तेवढ्याच उंचीवर त्याची खूण उमटते. रंगही पाहावा. घासताना एकाचा रंग दुसऱ्याला लागतो, म्हणून खूण दोन्हीकडे शोधावी. पोच्याच्या कडेला गंज किंवा बसलेली धूळ असेल तर तो आजचा नव्हे. आणखी एक गोष्ट नव्या चालकांना कोणी सांगत नाही. गाडी वळवून मागे घेताना आपले डोळे मागे असतात, पण पुढचा कोपरा उलट दिशेला बाहेर फिरतो. मागचा भाग उजवीकडे नेला तर पुढचा डावा कोपरा डावीकडे सरकतो, आणि उजवीकडे बसलेल्या चालकाला नेमका तोच दिसत नाही.

आम्ही पाहिले. दाराचा पोचा माझ्या बंपरच्या वरच्या कडेपेक्षा दीड वीत उंच होता. त्यात लाल रंगाचा कण नव्हता, कडेला गंज धरलेला होता. भाऊ तेवढ्यावरच "झाले की!" म्हणून मोकळा झाला. मी पुढच्या डाव्या कोपऱ्याशी वाकलो, आणि तिथे बोटभर पांढरी रेघ होती. त्यांच्या मागच्या बंपरवर त्याच उंचीला लाल रेघ. भावाने माझ्याकडे पाहिले. ती रेघ मालकांनी अजून पाहिलेली नव्हती, त्यांचे सारे लक्ष दाराकडे होते. मी पायाने झाकून उभा राहिलो असतो तर चालून गेले असते. खरे सांगतो, क्षणभर मी तसाच उभा होतो.

मग मी त्यांना ती दाखवली.

रखवालदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "घासल्याचा आवाज आला, पाहिलं नाही." त्याच्या तोंडी अधिक काही घालण्याचा प्रयत्न दोन्ही बाजूंनी झाला, मी आमच्या माणसांना थांबवले. कार्यालयाचा कॅमेरा फक्त फाटकावर होता. जिथे कॅमेरा असेल तिथे त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन चित्रण राखून ठेवण्यास सांगावे, कारण जुन्यावर नवे चित्रण चढते.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 134 प्रमाणे अपघातात कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर चालकावर काही कर्तव्ये येतात. जखमीला उपचार मिळवून देणे हे पहिले. पोलीस तिथे नसतील तर लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा 24 तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात कळवायचे. विमा कंपनीलाही कळवायचे. नकळत लागलेला धक्का हा आगळीकीचा गुन्हा ठरत नाही. त्या गुन्ह्याला नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही (कलम 324) तेच आहे. भरपाईचे देणे उरते, ते वेगळे. गाडीची किल्ली किंवा लायसन्स काढून घेण्याचा अधिकार जमावाला नाही. धाक घालून पैसे वसूल करणे ही खंडणी होय. तशी पाळी आल्यास 112 वर फोन करावा.

विम्याची एक अट पुष्कळांना माहीत नसते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदाराने जबाबदारी कबूल करू नये, पैसे देण्याचे वचन देऊ नये, असे पॉलिसीत असते. म्हणून काय घडले ते खरे सांगावे, पण भरपाईचे लिहून देण्यापूर्वी कंपनीला कळवावे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला तर 'नो क्लेम बोनस' जातो. तो पहिल्या दावारहित वर्षानंतर 20 टक्के असतो आणि पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत पोहोचतो. किरकोळ ओरखडा पदरच्या पैशाने भरणे अनेकदा स्वस्त पडते.

जातीवरून शिवीगाळ झालीच, तर तो पोच्याचा मुद्दा नव्हे, वेगळा गुन्हा आहे. त्यासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. 1990 च्या दुरुस्तीमुळे बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातीत समावेश होतो, म्हणून धर्मांतराने ते संरक्षण गेलेले नाही. नेमके शब्द आणि साक्षीदार लगेच लिहून ठेवावेत. मात्र पैसे चुकवण्यासाठी न झालेली शिवी लिहू नये. आडनाव विचारणे मला बोचले, पण ती शिवी नव्हती. मी ती तशी लिहिली नाही.

आमचे कसे मिटले? बंपरचे काम मी माझ्या पैशाने करून द्यायचे ठरले. विम्याचा दावा दोघांनीही करायचा नाही, म्हणून कंपनीला मध्ये आणले नाही. कागदावर तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, कोणत्या खुणेचे पैसे आणि कोणत्या नव्हे, हे लिहून दोघांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला मी 1,800 रुपये थेट दिले आणि पावती घेतली. दाराविषयी ते गृहस्थ पुन्हा काही बोलले नाहीत. वडील परतीच्या वाटेवर गप्पच होते. मुखेडच्या फाट्याला चहा घेताना त्यांनी तो कागद मागितला आणि दोनदा वाचला.

एक प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलाने विचारला, तोही इथे नोंदवतो : आपल्या हातून दुसऱ्याच्या गाडीला लागले आणि आसपास कोणीच नसेल तर? चिठ्ठीवर नाव, फोन नंबर, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ती त्या गाडीच्या वायपरखाली ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि रखवालदारालाही सांगून जावे. पावसाळ्यात चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालावी.