थोडे पाणी आणि थोडेच पाणी

मागच्या सत्रात आमचा गट रामनगरच्या बाजूच्या खडकाळ टेकड्यांवर पायी मोहिमेला गेला होता. माझ्या सेक्शनमध्ये मी धरून अकरा जण होतो. सकाळी निघताना प्रत्येकाची बाटली भरलेली होती. साडेअकराला उन्हात बसून मोजले तेव्हा अकरा जणांत मिळून दोन बाटल्या उरल्या होत्या. प्रत्येक सेक्शन लीडरने आपली परिस्थिती चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून धावत्या कॅडेटबरोबर खाली पाठवायची होती. माझ्या मनातले वाक्य मराठीत होते: ‘आमच्याकडे थोडेच पाणी आहे.’ मी लिहिले, ‘वुई हॅव अ लिटल वॉटर.’

खाली चिठ्ठी वाचणाऱ्यांना वाटले, यांच्याकडे पाणी आहे, हे थांबू शकतात. पाण्याची गाडी आधी दुसऱ्या सेक्शनकडे गेली आणि आमच्याकडे पाऊण तासाने आली. तेवढ्यात माझ्या सेक्शनमधला एक लहान कॅडेट चक्कर येऊन खडकावर बसला आणि आडवाच झाला. आम्ही त्याला सावलीत नेले, बूट काढले, उरलेले पाणी त्याच्या डोक्यावर आणि तोंडात घातले. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. रात्री सगळ्या चिठ्ठ्यांवर चर्चा झाली तेव्हा माझी चिठ्ठी वाचून दाखवली गेली. व्याकरण शुद्ध होते, स्पेलिंग बरोबर होते, पण अर्थ उलटा होता. मधला तो ‘अ’ काढला असता, तर गाडी पहिली आमच्याकडे आली असती.

त्या ‘अ’ची गंमत अशी, की तो मी मुद्दाम घातला होता. आर्टिकल गाळले म्हणून माझे अनेकदा गुण गेले आहेत. त्यामुळे शंका आली की ‘अ’ लावून टाकायचा, अशी मला सवय लागली होती.

पुढच्या सुट्टीच्या रविवारी मी राजाजीनगरला मामाकडे गेलो. मामाचे कुटुंब मूळचे बेळगावचे. घरात मराठी, दारात कन्नड आणि मामेबहिणीच्या शाळेत इंग्रजी, असा तिथला कारभार आहे. मी आजीला चिठ्ठीची हकीकत सांगत होतो, तेवढ्यात मामीने आतून विचारले, ‘डब्यात साखर आहे का हो?’ आजी म्हणाली, ‘थोडीच आहे.’ मामाने लगेच माझ्याकडे पाहिले, ‘जा रे, कोपऱ्यावरून किलोभर साखर घेऊन ये.’

मी चप्पल घालता घालता थांबलो. आजीने साखर आण असे म्हटलेच नव्हते. ती ‘थोडी आहे’ म्हणाली असती तर मामा पेपर वाचत राहिला असता. एका ‘च’ने मला दुकानात पाठवले होते! मी आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, ‘अरे, मग चिठ्ठीत च लिहायचा ना.’ इंग्रजीत ‘च’ नाही म्हटल्यावर तिने विचारले, ‘मग ते लोक साखर संपत आली हे सांगतात तरी कसे?’

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे कळले ते असे. मराठीत ‘थोडे’ हा शब्द मधोमध उभा आहे. ‘सा’ लावला की तो आशेकडे झुकतो आणि ‘च’ लावला की काळजीकडे: थोडेसे पाणी, थोडेच पाणी. इंग्रजीत शब्द मधोमध उभा नाही. नुसता ‘लिटल’ आधीच काळजीकडे झुकलेला आहे, त्यात ‘च’ मुरलेला आहे. ‘अ’ लावला की तो आशेकडे येतो. म्हणजे आपण काळजीसाठी अक्षर जोडतो आणि ते आशेसाठी जोडतात. म्हणून ‘लिटल वॉटर’ म्हणजे थोडेच पाणी, जवळजवळ नाहीच. ‘अ लिटल वॉटर’ म्हणजे थोडेसे आहे, चालेल. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’चा हाच हिशेब लागतो. ‘फ्यू कॅडेट्स पास्ड’ म्हणजे मोजकेच पास झाले, वाईट बातमी. ‘अ फ्यू कॅडेट्स पास्ड’ म्हणजे काही जण पास झाले, पेढे मागायला हरकत नाही. इथे दोन खोड्या आहेत. आधी ‘ओन्ली’ आला की ‘अ’ असूनही अर्थ पुन्हा काळजीचा होतो: ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणजे मोजकेच. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क ‘बरेच’. हे दोन मी पाठच केले आहेत, कारण तर्काने ते मला सापडले नाहीत.

कन्नडमध्येही ‘स्वल्प’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. बेंगळुरूत राहणाऱ्या कोणालाही ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ हे वाक्य शिकवावे लागत नाही. बसमध्ये तिघांच्या जागेवर चौथा बसताना हेच म्हणतो. त्यात स्वल्प म्हणजे किती, हे सरकणाऱ्याने ठरवायचे.

मामाच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे, पाने पिवळी पडलेली. महाराष्ट्रात आणि बेळगावकडे कित्येक पिढ्या मराठीतून इंग्रजी शिकल्या त्या याच पुस्तकावर. वाक्य मराठीतून इंग्रजीत न्यायचे आणि परत आणायचे, ही त्याची पद्धत. मी ठरवले की परिमाणाचे, म्हणजे ‘किती’ सांगणारे इंग्रजी शब्द आपणही असेच मराठीवर घासून पाहावेत.

पहिली अडचण ‘मच’ आणि ‘मेनी’ची. आपण ‘किती मुले?’ आणि ‘किती पाणी?’ दोन्हीकडे ‘किती’च विचारतो. रिक्षावाल्याला विचारायचा कन्नड ‘एष्टु’ही दोन्हीकडे चालतो. इंग्रजीला मात्र आधी सांगावे लागते, की ही गोष्ट एक-दोन-तीन अशी मोजायची की मापाने घ्यायची. मोजायची असेल तर ‘मेनी’ आणि ‘फ्यू’, मापायची असेल तर ‘मच’ आणि ‘लिटल’. इतके सोपे असते तर हा लेख लिहावा लागला नसता. खरा घोळ हा, की काय मोजायचे आणि काय मापायचे याबद्दल मराठीचे आणि इंग्रजीचे एकमत नाही.

आपण तांदूळ निवडतो, गहू दळून आणतो, केस कापतो, पैसे देतो. ‘तांदूळ आणले’, ‘केस वाढले’, ‘पैसे संपले’: सगळी अनेकवचने. इंग्रजीत ‘राइस’, ‘व्हीट’, ‘हेअर’, ‘मनी’ ही सगळी एकवचनी आणि न मोजण्याची. म्हणून न्हाव्याकडून आलेला कॅडेट ‘माय हेअर्स आर शॉर्ट’ म्हणतो. ‘हेअर्स’ म्हणजे सुटे सुटे एकेक केस. भाजीत सापडले तर तसे म्हणावे. बातम्या आपण अनेक ऐकतो, पण ‘न्यूज’ला शेवटी एस असूनही क्रियापद ‘इज’ लागते. उलट आपली एक पॅन्ट, एक चष्मा आणि एक कात्री इंग्रजीत गेल्या की ‘ट्राउझर्स’, ‘ग्लासेस’, ‘सिझर्स’ अशा अनेकवचनी होतात.

पण काही ठिकाणी मराठी आपल्याला उत्तर आयते देते आणि आपण ते घेत नाही. सुट्टीवरून परतताना फाटकाशी हमखास ऐकू येते, ‘कीप युअर लगेजेस हिअर.’ मराठीत कोणी ‘सामाने’ म्हणतो का? ‘सामान’ कितीही असले तरी ते सामानच. तसेच ‘माहिती’. ‘माहित्या’ असे मी कधी ऐकले नाही, मग ‘इन्फर्मेशन्स’ का लिहायचे? इथे मराठी कानाने इंग्रजी तपासले तर चूक होत नाही. ‘सल्ला’ मात्र दगा देतो. आपल्याकडे सल्ले अनेक असतात, इंग्रजीतला ‘अ‍ॅडव्हाइस’ कितीही मिळाला तरी एकवचनीच.

आपल्या शाळेत शिकणाऱ्याने निदान लष्करी शब्द तरी अचूक वापरावेत, असे मला वाटते. ‘अ‍ॅम्युनिशन’ला अनेकवचन लावण्याची गरज नाही, आपला ‘दारूगोळा’ तसाच आहे, दारूगोळा आला, दारूगोळा संपला. मोजायचे ते ‘राउंड’. म्हणून ‘हाउ मच अ‍ॅम्युनिशन?’ पण ‘हाउ मेनी राउंड्स?’ ‘इक्विपमेंट्स’ हा शब्द मी नोटीस बोर्डावर, दुकानांच्या पाट्यांवर आणि स्वतःच्या वहीत पाहिला आहे. तिन्हीकडे तो चूक आहे. एकच वस्तू सांगायची असेल तर ‘अ पीस ऑफ इक्विपमेंट’. आपल्या दुकानदाराच्या बिलावर ‘नग’ लिहिलेला असतो, ते काम इथे ‘पीस’ करतो. ‘पर्सोनेल’ला क्रियापद अनेकवचनी लागते. ‘एअरक्राफ्ट’ एक असो वा दहा, त्याला एस लागत नाही. आणि ‘फाइव्ह हंड्रेड ट्रूप्स’ म्हणजे पाचशे सैनिक, पण ‘अ ट्रूप’ म्हणजे एक सैनिक नव्हे, ती एक छोटी तुकडी.

हा ‘नग’ चिनी भाषेत सगळीकडे आहे, हे कळल्यावर मला मजा वाटली. तिथे ‘तीन पुस्तके’ असे थेट म्हणत नाहीत. ‘सान बन शू’ म्हणतात, म्हणजे तीन, मग पुस्तकांसाठीचा मोजशब्द, मग पुस्तक. कागद आणि टेबल अशा सपाट गोष्टींना वेगळा मोजशब्द, मासा आणि रस्ता अशा लांब गोष्टींना वेगळा. साध्या माणसाला ‘ग’ चालतो, पण पाहुण्याला किंवा डॉक्टरला आदराने मोजायचे असेल तर ‘वेइ’. 1938 साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते तिथली भाषा शिकले आणि 1942 साली तिथेच वारले. त्या पाचांना चिनी माणसाने आदराने ‘वू वेइ’ असेच मोजले असते.

चिनी नामाला सहसा अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, आणि ‘खूप’साठी त्यांचा ‘हन दुओ’ मुलांनाही चालतो आणि पाण्यालाही. म्हणून इंग्रजी शिकताना ‘मच’ आणि ‘मेनी’पाशी तेही आपल्यासारखेच अडखळतात. माणसांना वेगळे मोजायची रीत आपल्याकडेही थोडी आहेच. मराठीत दोन पुस्तके, पण दोघे मुलगे. कन्नडमध्ये ‘एरडु पुस्तक’, पण ‘इब्बरु हुडुगरु’. इंग्रज दोन्हीकडे ‘टू’ म्हणून मोकळा होतो.

‘किती’ सांगताना मोठमोठ्या सेनानींचाही घोटाळा होतो, हे वाचून मला थोडे (थोडेसे!) बरे वाटले. एप्रिल 1951 मध्ये कोरियात इमजिन नदीवर ब्रिटिशांच्या 29 व्या ब्रिगेडवर चिनी सैन्याचा प्रचंड हल्ला झाला. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन एका टेकडीवर चहूकडून वेढली गेली होती. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे जराशी अवघड आहे, असे कळवले, असे सांगतात. इंग्रजाच्या तोंडी याचा अर्थ ‘आम्ही मरणाच्या दारात आहोत’. अमेरिकन कानाला तो ‘जराशी’च वाटला आणि मदत वेळेवर निघाली नाही. त्या बटालियनमधले बहुतेक कैद झाले, निसटून आले ते ‘फ्यू’, ‘अ फ्यू’ नव्हे. त्याच युद्धात ले. कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली भारताची 60 वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स जखमींची सेवा करत होती.

आणि हे शब्द जागच्या जागी बसले तर काय होते, तेही पाहा. 20 ऑगस्ट 1940 रोजी चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये लढाऊ वैमानिकांविषयी जे प्रसिद्ध वाक्य उच्चारले, त्यात ‘मच’, ‘मेनी’ आणि ‘फ्यू’ हे तिन्ही शब्द एकापाठोपाठ आहेत. ऋण मापायचे म्हणून ‘मच’, माणसे मोजायची म्हणून ‘मेनी’, आणि वैमानिक मोजकेच म्हणून ‘अ’शिवाय ‘फ्यू’. आजही त्या वैमानिकांना ‘द फ्यू’ म्हणतात.

बाकीचे भराभर सांगतो. ‘कमी’साठी दोन शब्द आहेत: गुण मोजायचे म्हणून ‘फ्युअर मार्क्स’, वेळ मापायचा म्हणून ‘लेस टाइम’, पण अंतर सलग धरतात, म्हणून ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ बरोबर आहे. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही आपल्या बराकीतली सर्वांत लाडकी चूक. मराठीत ‘मित्रांपैकी एक’ म्हणून पाहा; ‘पैकी’च्या आधी अनेकवचन आपोआप येते, तसेच तिथे ‘फ्रेंड्स’ येते. ‘अ नंबर ऑफ कॅडेट्स’ म्हणजे अनेक कॅडेट, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ कॅडेट्स’ म्हणजे कॅडेटांची संख्या, संख्या एक, म्हणून ‘इज’. ‘एव्हरी’ सोपा आहे, ‘प्रत्येक’सारखाच एकवचनी. ‘फाइव्ह थाउजंड’मध्ये आपल्या ‘पाच हजार’सारखाच हजाराला एस लागत नाही.

त्या रात्रीच्या चर्चेत आमच्या प्रशिक्षकांनी माझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मला पुन्हा लिहायला लावले होते. मी ‘अ’ खोडून ‘लिटल वॉटर’ केले. त्यांनी तेही खोडले आणि विचारले, ‘बाटल्या किती होत्या?’ दोन. ‘माणसे किती?’ अकरा. मग मी लिहिले, ‘टू बॉटल्स, इलेव्हन कॅडेट्स.’ त्यांनी खाली सही केली आणि चिठ्ठी मला परत दिली. ती माझ्या लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे.

चक्कर आलेला तो कॅडेट आता माझ्या शेजारच्या पलंगावर असतो. मेसमध्ये मी त्याच्यापुढे पाण्याचा जग सरकवला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारतो, ‘लिटल की अ लिटल?’