दुकानातील संगणक आणि युनिक्स : बसवावे कसे, बदलावे कसे?

पूर्वी दुकानाची इज्जत वहीवरून कळत असे. रोजमेळ रोजच्या रोज लिहिलेला, खतावणी बरोबर, जमा-नावे जुळलेली, तर तो व्यापारी पक्का. आज तीच वही संगणकात गेली आहे. पण वहीला जपणारे आपण, संगणकाच्या बाबतीत मात्र सर्व काही दुसऱ्यावर सोपवून मोकळे होतो. वाचक बांधवांनो, हा लेख त्या सवयीविषयी आहे. त्यासाठी युनिक्स या पद्धतीचे उदाहरण घेतले आहे, कारण ती फुकट मिळते, जुन्या संगणकावर चालते आणि थोडी मेहनत घेतली तर आपल्या हाताने बसवता येते.

प्रथम माझी चूक सांगतो. २०१४ साली विंडोज एक्सपीचा कंपनीकडून मिळणारा आधार संपला. दुकानातील संगणक नवा करून देतो म्हणून एक जण आला. त्याने विनापरवाना प्रत आणली होती आणि मीही काही विचारले नाही. त्याने सबंध डिस्क पुसून नवी प्रणाली बसवली. तासाभरात संगणक चकाचक झाला, पण दोन लग्नसराईंची उधारी त्याबरोबर पुसली गेली. दुसरी नक्कल नव्हती. कच्च्या चिठ्ठ्या जमवून, गिऱ्हाइकांना विचारून हिशेब पुन्हा मांडायला चार महिने लागले. अणदूरकडील एक शिलाईकाम करणारी बाई स्वतःची लहान वही घेऊन आली आणि म्हणाली, "शेठ, माझ्याकडे तुमचे अकरा हजार निघतात." माझ्या संगणकापेक्षा तिची वही भरवशाची निघाली. त्या दिवसापासून मी हे शिकायचे ठरवले.

युनिक्स म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र म्हणजे दुकानाची इमारत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या दुकानाचा कारभारी. कोणाला आत घ्यायचे, कोणता माल कोठे ठेवायचा, छपाईयंत्राला काम केव्हा द्यायचे, हे तो ठरवतो. युनिक्स हा असा जुना व शिस्तीचा कारभारी आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी त्याची सुरुवात केली. तो मोठ्या यंत्रांसाठी होता. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने साध्या पीसीवर चालणारा, युनिक्सच्या धर्तीचा लिनक्स हा गाभा लिहिला. १९९३ साली डेबियन व फ्रीबीएसडी हे प्रकल्प उभे राहिले. फ्रीबीएसडी हा युनिक्सच्या बर्कली घराण्यातला, तर डेबियन लिनक्सवर उभा आहे. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींची नक्कल करून दुसऱ्याला देण्यास कायद्याने पूर्ण मुभा आहे. विनापरवाना मालाचा प्रश्नच येथे उरत नाही.

आपल्या देशाला हे नवे नाही. बँकांच्या संगणकीकरणाच्या सुरुवातीच्या काळातच येथे युनिक्स आले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनच्या आधारावर 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली तयार केली. केरळच्या सरकारी शाळांतील मुले लिनक्सवर शिकतात. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्स आणि लिब्रऑफिसचे धडे मराठीतूनही मोफत दिले आहेत. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजी जेमतेम. तरी हे धडे पाहत पाहत मला जमले. मग तरुण कारागिरांना का जमू नये?

आज हा प्रश्न का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. त्यामुळे चांगले चालणारे हजारो संगणक भंगारात जाण्याच्या वाटेवर आहेत. नवा संगणक घेणे सर्वांना परवडत नाही. अशा वेळी दोनच मार्ग दिसतात. धोका पत्करून जुनेच चालवणे, किंवा पुन्हा विनापरवाना प्रत. तिसरा मार्ग लिनक्सचा आहे.

मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. टॅलीसारखी हिशेबाची प्रणाली विंडोजसाठी आहे. आपला सगळा कारभार टॅलीवर असेल आणि कर सल्लागारही त्यावरच काम करत असेल, तर घाईने बदलू नये. ज्यांचे काम बिले, उधारीची यादी, मालाचा साठा, पत्रे आणि ब्राउझरमधून जीएसटीचे विवरण एवढेच आहे, त्यांना लिब्रऑफिस व ग्नूकॅश पुरेसे होते. दुकानात दोन संगणक असतील तर एकावर प्रयोग करावा.

बसवण्यापूर्वीची तपासणी

१) यंत्र ३२ बिटचे की ६४ बिटचे, हे पाहावे. साधारण २००८ नंतरची बहुतेक यंत्रे ६४ बिटची आहेत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या पीसीवर बसवण्याची सोय काढून टाकली आहे. त्या यंत्रांनी डेबियन १२ वरच थांबावे.

२) स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, दोन जीबी तरी असावी. चार असेल तर उत्तम. हलका पडदा म्हणून 'एक्सएफसीई' निवडावा. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली तर तोच संगणक वेगाने चालू लागतो. माझ्या मते जुन्या यंत्रावर करण्यासारखा हा पहिला खर्च आहे.

३) हिशेबाच्या फायलींच्या दोन नकला घ्याव्यात. एक पेनड्राइव्हवर, दुसरी दुकानाबाहेर, घरी. नक्कल घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेली गाठ. आत किती तागे आहेत कोणास ठाऊक!

बसवण्याची रीत

डेबियनच्या अधिकृत जागेवरून प्रतिमा-फाइल उतरवून घ्यावी. तिच्यासोबत 'चेकसम' नावाची लांबलचक संख्या दिलेली असते. आपल्या फाइलची संख्या तिच्याशी जुळते का ते पाहावे. जुळली नाही तर माल वाटेत खराब झाला असे समजून पुन्हा उतरवावी. मग 'रुफस' किंवा 'एचर' यांसारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती कॉपी करून चालत नाही.

शक्य तो 'लाइव्ह' प्रतिमा घ्यावी. ती पेनड्राइव्हवरूनच चालते आणि डिस्कला हात लावत नाही. या अवस्थेत वायफाय, आवाज आणि विशेषतः बिलाचे छपाईयंत्र चालते का, हे पाहून घ्यावे. कापड घेण्यापूर्वी आपण तागा उलगडून पाहतो, तसेच हे आहे.

संगणक सुरू करताना एफ२, एफ१२ किंवा डिलीट यांपैकी एखादी कळ दाबली की कोठून सुरू व्हायचे ते निवडता येते. पेनड्राइव्ह निवडल्यावर बसवणारा कार्यक्रम प्रश्न विचारू लागतो. भाषांच्या यादीत मराठीही आहे. पुढे मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि उर्दू लिहिणाऱ्यांसाठी नस्तालीक अक्षरेही जोडता येतात.

खरा निर्णय डिस्कच्या वाटणीचा आहे. बहुतेक लोक 'सर्व एकाच भागात' असे उत्तर देतात आणि पुढे पस्तावतात. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा यांच्या काळात बांधलेला बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात पाणी बंधाऱ्यावरून कोसळते आणि आतल्या दालनात माणूस उभा राहू शकतो. आपल्या हिशेबालाही असेच वेगळे दालन द्यावे. पाचशे जीबीची डिस्क असेल तर पन्नास जीबीचा भाग प्रणालीसाठी ठेवावा. त्याला 'रूट' म्हणतात. चार जीबी 'स्वॅप'साठी आणि उरलेला सर्व भाग 'होम'साठी ठेवावा. आपल्या फायली होममध्ये राहतात. उद्या प्रणाली बिघडली तर रूट पुसून पुन्हा बसवता येते, होमला धक्का लागत नाही. फक्त त्या वेळी होमच्या भागापुढे 'फॉरमॅट' अशी खूण नाही ना, हे दोनदा पाहावे. अर्थात डिस्कच जळाली तर दोन्ही भाग जातात. म्हणून बाहेरची नक्कल हवीच.

शेवटी मालकाचा गुप्तशब्द वेगळा ठेवावा आणि दुकानातील मुलासाठी साधे खाते उघडावे. गल्ल्याची चावी सर्वांकडे नसते, तसेच प्रणाली बदलण्याचा अधिकारही सर्वांकडे नसावा.

अपग्रेड : खरी परीक्षा

बसवणे एका संध्याकाळचे काम आहे. नुकसान बहुधा पुढे, एका आवृत्तीवरून दुसरीवर जाताना होते, कारण तेव्हा संगणकात आपला हिशेब भरलेला असतो. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. १२ व्या आवृत्तीचे नाव बुकवर्म, १३ व्या आवृत्तीचे ट्रिक्सी. क्रम असा ठेवावा :

१) लग्नसराई, ईद, दिवाळीच्या तोंडावर अपग्रेड करू नये. मंदीचा आठवडा निवडावा.

२) नव्या आवृत्तीच्या 'प्रकाशन टिपा' वाचाव्यात. काय काढले, काय बदलले, ते त्यात लिहिलेले असते. ३२ बिटची गोष्ट मला तेथेच कळली.

३) पायरी गाळू नये. ११ वरून थेट १३ वर जाता येत नाही. आधी १२, मग १३.

४) आज आहे ती आवृत्ती पूर्ण अद्ययावत करावी. बाहेरून जोडलेले भांडारांचे पत्ते तात्पुरते बंद करावेत. रूटमध्ये चार-पाच जीबी जागा मोकळी असावी.

५) भांडारांच्या यादीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहावे. मग 'एपीटी अपडेट', त्यानंतर 'एपीटी अपग्रेड' ही आज्ञा नवी पॅकेजे न घेता द्यावी आणि शेवटी 'एपीटी फुल-अपग्रेड'. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या. काय काय काढले जाणार, त्याची यादी पडद्यावर येते. ती वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

६) मध्येच ते विचारते, जुनी मांडणीची फाइल ठेवू की नवी घेऊ? आपण हाताने बदल केलेला असेल तर जुनी ठेवावी.

डेबियन १३ आल्यानंतर मी माझ्या दुकानात हेच केले. शेवटच्या आज्ञेनंतर वीस मिनिटांत वीज गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली होती, ती दोन मिनिटेही टिकली नाही. २०१४ ची आठवण होऊन हातपाय गार पडले. वीज आली तेव्हा चित्रांचा पडदा आलाच नाही, काळ्या पडद्यावर फक्त नाव विचारले गेले. मालकाच्या नावाने आत शिरलो. 'डीपीकेजी' ला 'कॉन्फिगर' आणि 'ए' जोडून आज्ञा दिली. अर्धवट राहिलेली पॅकेजे तिने मार्गी लावली. मग 'एपीटी'ला तुटलेले दुरुस्त करण्यास सांगितले आणि फुल-अपग्रेड पुन्हा दिले. जेथे थांबले होते तेथून ते पुढे गेले. रात्री दहा वाजता पडदा उजळला. होममधील उधारीची यादी उघडली, शेवटच्या नोंदीपर्यंत सर्व जागेवर होते. समजा ती जागेवर नसती, तरी घरच्या कपाटात नक्कल होती. अल्हमदुलिल्लाह, त्या रात्री झोप लागली.

दोन्ही वेळा घरघर तीच होती. पहिल्या वेळी मी संगणक दुसऱ्याच्या हाती देऊन चहाला गेलो होतो. दुसऱ्या वेळी नक्कल होती, दालन वेगळे होते आणि काय चालले आहे ते मला ठाऊक होते. फरक एवढाच.

ज्यांना थोडे पुढे जायचे आहे त्यांनी फ्रीबीएसडी पाहावे. त्यात 'झेडएफएस' ही डिस्क-पद्धत निवडली तर अपग्रेडपूर्वीची पूर्ण स्थिती गोठवून ठेवता येते आणि नवे बिघडले तर जुन्यावर परत जाता येते. मात्र ते शिकायला जास्त वेळ लागतो. दुकानासाठी सुरुवात डेबियनपासूनच बरी.

शेवटी एक विनंती. आपल्या वहीत फक्त आपला पैसा नसतो. कोणी ठेवलेला आगाऊ, कोणी फेडलेला हप्ता, कोणाचे उरलेले दोनशे रुपये, हे सर्व त्यात असते. ती लोकांची अमानत आहे. ती संगणकात ठेवली म्हणून जबाबदारी संगणक दुरुस्त करणाऱ्याची होत नाही. तेव्हा प्रणाली कोणतीही असो, या आठवड्यात एक काम अवश्य करा. हिशेबाची नक्कल काढा, घरी न्या आणि ती उघडते का ते पाहा.