टर्बोला कोणती हवा हवी?

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी चार वर्षांची आहे. घाट चढताना पूर्वीसारखा पिकअप मिळत नाही. बंद डब्यातला एअर फिल्टर काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला, तर इंजिन जास्त हवा ओढेल आणि ताकद वाढेल, असं एका दुकानदाराचं म्हणणं आहे. हे खरं का?

उत्तर : फिल्टर मोकळा केला की ताकद वाढते, हा समज फार पसरलेला आहे. म्हणून आधी टर्बो काय करतो ते पाहू. साधं इंजिन पिस्टनच्या हालचालीने हवा ओढून घेतं. टर्बो इंजिनात ती दाबून भरली जाते. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंवर टर्बाइन फिरते आणि तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक हवा दाबून आत ढकलतं. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याच कल्पनेचं पेटंट घेतलं.

हवेचा दाब किती ठेवायचा, हे गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ठरवतो. फिल्टर मोकळा केला तर तो दाब गाठायला टर्बोला किंचित कमी कष्ट पडतात; दाबाची मर्यादा मात्र तीच राहते. शिवाय स्वच्छ कागदी फिल्टर मुळात फारसा अडवत नाही.

खरी अडचण उष्णतेची आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, तसंच इथेही घडतं. २७ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की ती शंभर अंशांच्या पुढे तापते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. म्हणून वाटेत इंटरकूलर बसवलेला असतो. १२० अंशांची हवा त्याने ६० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला सुमारे १८ टक्के जास्त हवा मावते.

उघडा फिल्टर नेमकी बॉनेटखालची तापलेली हवा घेतो. गरम हवेने पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा, म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण आपोआप पेटण्याचा, धोका वाढला की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद उलट घटते. मोठा आवाज ऐकून गाडी जोरदार वाटते, एवढंच.

तेव्हा तपासणी या क्रमाने करा. फिल्टर धुळीने भरला असेल तर बदला. पुढच्या जाळीतून इंटरकूलर पाहा. पत्र्यांत चिखल, पानं अडकली असतील तर ती हलक्या हाताने काढून घ्या. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज पाइप आणि क्लॅम्प बघा. जोर देताना फुस्स असा आवाज येत असेल किंवा सांध्यावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसत असेल, तर दाबलेली हवा वाटेतच गळत असावी. मेकॅनिककडून पाइपांत हवा भरून साबणाच्या पाण्याने सांधे तपासून घ्या. बुडबुडे आले, तर तुमचा पिकअप तिथेच अडकला आहे. त्यावर इलाज नव्या फिल्टरचा नाही, एखादा होज किंवा क्लॅम्प बदलण्याचा आहे.