गाथेतला अभंग कसा शोधावा?

१९५० साली मुंबई सरकारने तुकोबांची गाथा छापली. तीत ४,६०७ अभंग आहेत. त्यांतून एक कसा शोधावा?

आमच्या वर्गातल्या एका आजींना वडिलांचा आवडता अभंग हवा होता. पाने चाळून त्या दमल्या. आम्ही म्हणालो, “आजी, सूची बघा.”

सूचीत अभंगांचे पहिले चरण अ, आ, इ, पुढे क, ख, ग असे ओळीने लावलेले असतात. समोर आकडा असतो. तो पानाचा की अभंगाचा, ते आधी पाहावे.

तरी सापडेना! भजनात ध्रुवपद घोळून घोळून म्हणतात, आजींना तेच आठवे. सूचीत तर पहिला चरण. मग त्यांनी सगळा अभंग म्हटला, पहिला चरण धरला, आणि बोट ठेवून वडिलांचा अभंग स्वतः वाचला.

तुम्हीही तुमचा अभंग शोधा बरे!